चौकीची पायरी

१

बाभूळखेड, ता. दिग्रस
११ नोव्हेंबर २००७

दीपास रुखमाबाईचा जयभीम.

तुहं पत्र भेटलं. पोस्टमननं खानावळीच्या दारात उभं राहून मोठ्यानं नाव वाचलं अन् जेवणाऱ्याईनं साऱ्याईनं माना वर केल्या. मले पत्र कोणाचं येत नाही. म्हणून बसंतीबाई दिवसभर मागे लागलती, कोणाचं आलं, कोणाचं आलं. ती माह्यासंगं भाकरी थापते, बंजाऱ्याच्या तांड्यावरची आहे, पोटात काही ठेवत नाही. तिले मी सांगतलं, विम्यावाल्याचं आलं.

इकडे बरं आहे. थंडी पडली. कापसाच्या गाड्या यंदा बी खरेदी केंद्रासमोर उभ्याच आहेत, गाडीवाले दोन-दोन दिवस अडकून पडतात, म्हणून खानावळीत गर्दी आहे. वांगे स्वस्त आहेत. बसंतीबाईच्या गुडघ्याले सूज आहे, तरी बोलणं कमी नाही.

आता पहिली गोष्ट. तू पत्रात मले 'मोठी माय' लिहिलं. ते लिहू नको. मी तुह्या बापाची पहिली बायको होती, ते बी सात महिने नांदली. मग त्यानं तुही माय आणली अन् तू झाली. तेवढ्यानं मी कोणाची माय होत नाही. रुखमाबाई लिहीत जाय.

दुसरी गोष्ट साक्षीची. तुह्यासंगं झालं ते वाईट झालं, त्यात काही वाद नाही. तू कामाले जायची त्या जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या गंजीले आग लागली, त्या दिवशी शेवटी तू बाहेर पडलती, म्हणून जमादारानं तुले जबाबासाठी चौकीत नेलं अन् रातभर सोडलं नाही. पेपरात आलतं ते मी वाचलं. तुहं नाव नव्हतं छापलं, 'पीडित युवती' लिहिलतं. माह्या वेळेस माहं पूर्ण नाव छापलतं, गावासकट, नवऱ्याच्या नावासकट. तवा असं नाव लपवत नव्हते.

तू लिहिते का मी तुले तिथं पाह्यलं. आता दोन वर्षं झाले त्याले. चौकशीवाले साहेब नागपूरवरून आलते तवाच मी लिहून देल्लं, मले काही माहीत नाही म्हणून. चौकीत जेवण माह्याच खानावळीतून जाते, हे खरं आहे. रातच्या मुक्कामी गाडीच्या डायव्हर-कंडक्टरचं ताट वाढलं का मग मी डबा घेऊन जाते. पण डबा टेबलावर ठेवायचा अन् यायचं. आत डोकवायचं काम माहं नाही. डोळ्यालेबी आजकाल कमी दिसते.

बसंतीबाई गुडघा दाखवाले जिल्ह्याले गेलती तवा कोर्टाच्या आवारात तिनं तुमाले पाह्यलं म्हणे. सांगत होती, तुहा बाप श्रावण लेकीची पिशवी खांद्याले लावून अन् पाण्याची बाटली हातात धरून बसला होता. दर तारखेले येते म्हणे. उन्हात तू बसली तर सोता उठून सावलीत जागा करून देते म्हणे. ऐकून मले हसू आलं. कायले आलं ते विचारू नको.

साक्षीचं मनावर घेऊ नको. दुसरं कोणी भेटते का पाहा. तब्येतीले जपजो. अन् मी पत्र लिहिलं हे तुह्या बापाले सांगू नको.

रुखमाबाई
खानावळवाली


२

बाभूळखेड
२ डिसेंबर २००७

दीपा, जयभीम.

तुले म्हणलं होतं मनावर घेऊ नको, तर तू वकीलबाईच धाडून देल्ली. अन् तिच्या मागून तुहा बाप. आठ दिवसांत दोघं येऊन गेले माह्या दारी. इतके पाहुणे मले वर्षात येत नाहीत.

वकीलबाई चांगली आहे, अर्पिता. यष्टीनं एकटी आली, दोन भाकरी अन् भरलं वांगं खाल्लं, ताट सोता उचलून ठेवलं. मग चुलीजवळ येऊन बसली अन् म्हणे, मावशी, तुमच्याशिवाय दीपाची केस उभी राहत नाही. मी म्हणलं, माह्यानं पायावर उभं राहणं होत नाही, मी केस काय उभी करू. हसली नाही ती.

तिनं मले कायदा समजावला. तुले माहीतच असन, पण मी पहिल्यांदा ऐकला. पोलिसाच्या ताब्यात असलेली बाई कोर्टात म्हणली का माही मर्जी नव्हती, तर कोर्टानं तेच खरं धरून चालायचं. मर्जी होती म्हणायचं असन तर ते त्या पोलिसानं शाबीत करायचं. बाईनं नाही. ओरडली का, पळाली काहून नाही, अंगावर खुणा कुठे आहेत, हे पुरवत बसायची बाईवर पाळी नाही. मी म्हणलं, कधीपासून? म्हणे, त्र्याऐंशीपासून. तव्यावरची भाकर काळी झाली, बसंतीबाईनं ती काढली तवा मले कळलं.

पण त्यात एक अट आहे म्हणे. ती ताब्यात होती, हे आधी कोर्टाले दिसलं पाहिजे. तो जमादार काही नाकारतच नाही. उलट म्हणते, संबंध झाला, पण पोरीच्या मर्जीनं. चौकीच्या डायरीत लिहून ठेवलं आहे का दीपाले संध्याकाळी पाच वाजता सोडलं. अन् मग अंधार पडल्यावर तू आपल्या पायानं त्याच्या खोलीवर आली, असं तो सांगते. पाचच्या नंतर तू आतच होती हे सांगणारं कोणी नसन, तर तो मोठा कायदा तुह्या काही कामाचा नाही. म्हणून वकीलबाई माह्या चुलीपाशी बसून होती.

मी तिले हो बी म्हणलं नाही अन् नाही बी म्हणलं नाही. मले दुसरंच सुचून राह्यलं होतं.

माही गोष्ट तुले कोणी धड सांगतली नसन, तुह्या घरात ती कोण सांगणार. अठ्ठ्याहत्तर साल होतं. मी एकोणीसची, लग्नाले सात महिने झाले होते. माहा भाऊ धर्मपाल मालकासंगं मजुरीवरून भांडला म्हणून त्याले दुसऱ्या एका चौकीत धरून नेलं. मी त्याच्यासाठी फडक्यात भाकर बांधून घेऊन गेली. त्याईनं धर्मपालले सोडलं अन् मले म्हणले, तू थांब, तुहा जबाब घ्यायचा आहे. धर्मपालले वाटलं, येईन मागून. पुढचं मी लिहीत नाही. कोणाले सांगावं लागन असं बी नाही, तुले तर नाहीच.

कोर्टात मले दोन दिवस उभं ठेवलं. दिवस वेचणीचे होते. माह्या दोन्ही हाताले ओरखडे होते, मनगटापासून कोपरापर्यंत, अन् गळ्याले बी, मी त्या पोलिसाले ढकलत होती तवाचे. डॉक्टरनं कागदावर लिहिले बी होते. त्याच्या वकिलानं लय गोड आवाजात विचारलं, बाई, तू कापूस वेचते ना? मी म्हणलं, हो. वाळल्या बोंडाची टोकं हाताले लागतात ना? मी म्हणलं, लागतात. बस, एवढंच. माह्या अंगावरचं सारं कापसाच्या पऱ्हाटीच्या नावावर गेलं. वेचणारीच्या हातावर ओरखडे असतातच, असं निकालात लिहिलं म्हणे. अन् ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे मर्जी होती. तो सुटला. दुसऱ्या महिन्यात त्याले बढती भेटली.

तुह्या हाताकडे कोणी पाह्यलं नाही म्हणे. पाहायची गरज नाही.

हे ऐकून मले बरं वाटायला पाहिजे होतं ना? बाईमाणसाले आनंद व्हायला पाहिजे. मले नाही झाला, दीपा. मी परात तशीच ठेवून मागच्या अंगणात जाऊन उभी राह्यली. तुले काहून अन् मले काहून नाही? तू काय माह्यापेक्षा जास्त खरी होती? वकीलबाई मागून आली अन् म्हणे, मावशी, तुमच्यासारख्या बायका हरल्या, म्हणूनच तर कायदा बदलला. चांगल्या मनानं म्हणली बिचारी. मले असं वाटलं, माह्यापुढून ताट उचललं अन् तुह्यापुढे ठेवलं, अन् वरून मले सांगून राह्यले का पाह्य, ताट तुहंच होतं.

आता तुह्या बापाचं सांगते.

तो शुक्रवारी आला. आर्णीच्या गाडीनं उतरला अन् लिंबाखाली उभाच राह्यला. बसंतीबाईनं पाह्यलं आधी. मले म्हणे, रुखमा, तुहा जुना आजार आला पाह्य. मी बाहेर गेली. एकोणतीस वर्षांत आम्ही इतक्या जवळून बोललो नव्हतो, एक वेळ सोडून. केस पार पांढरे झाले त्याचे. हातात पिशवी होती, तीच असन, तुही.

तो म्हणे, "रुखमे, लेकीसाठी ये."

मी म्हणलं, "लेक तुमची आहे."

"हो."

"तवा मले काय विचारलं होतं, याद हाये का?"

चपलीकडे पाहत राह्यला. मग म्हणे, "याद हाये. ओरडली काहून नाही, म्हणलं होतं."

"कोर्टानं ते नंतर विचारलं. तुम्ही आधी विचारलं, घराच्या दारात. मले आत घ्यायच्या आधी."

"दिपीनं सांगतलं ना, तवा बी माह्या तोंडात तेच आलतं," तो म्हणे. "एकदम आलं. पण मले तू आठवली. मी तोंड दाबलं अन् तिले जवळ घेतलं."

तो रडत होता. मी रडली नाही. मले त्याचा गळा धरावा वाटला. म्हणजे शिकला माह्यावर, अन् शिकलेलं वापरलं तुह्यावर. माहं घर गेलं, माही कूस रिकामी राह्यली, गावानं मले रस्त्यावर थुंकून दाखवलं, तवा कुठे तो माणूस शहाणा झाला. अन् त्याचा शहाणपणा तुह्या वाट्याले आला, पिशवीसकट अन् बाटलीसकट. तू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली असशीन. मी विहिरीच्या काठावर बसून रडली होती, अन् तिथून बी मले उठवलं होतं, पाणी बाटवते म्हणून.

मी त्याले पाणी देल्लं नाही. बसंतीबाईनं देल्लं. गाडीत चढताना तो थांबला, काही बोलणार होता, मग बोलला नाही. त्याच्या तोंडावर काय आलतं ते मले माहीत आहे. ते मी आज लिहीत नाही.

मी येत नाही. राग येईन तुले, तर येऊ दे.

रुखमाबाई


३

बाभूळखेड
९ जानेवारी २००८

दीपा, बाई,

परवा तारीख आहे. पोस्टानं हे पत्र वेळेवर भेटणार नाही, म्हणून वकीलबाईच्या हातात देऊन राह्यली. तिले सांगतलं, पाकीट फोडू नको, दीपाच्या हातात दे. कोर्टात जायच्या आधी वाच. आधी वाचून हादरशीन का नंतर ऐकून, याचा मी चार दिवस विचार केला. मले वाटते, नंतर ऐकणं जास्त वाईट.

समन्स आलं आहे. त्यावर नाव आहे रुखमाबाई श्रावण. अजून त्याचंच नाव लागून आहे मले. सोडचिठ्ठी झालीच नव्हती, नुसतं बाहेर काढलं होतं. तो कागद मी दोन वेळा वाचला. खोटं कायले सांगू, बरं वाटलं. पण येण्याचं समन्सामुळे ठरवलं नाही. तुह्या चिठ्ठीमुळे ठरवलं.

चारच ओळी लिहिल्या तू. 'तुम्ही नाही आल्या तरी चालते, मी रागावणार नाही. पण त्या दिवशी तुम्ही मले पाह्यलं, एवढं मले एकटीले तरी सांगा. इतक्या लोकाईनं इतक्या वेळा विचारलं का कधी कधी मलेच वाटते, मी पाच वाजता सुटली होती.'

पाह्यलं, दीपा. मी तुले पाह्यलं.

मुक्कामी गाडी लागलती. डायव्हर-कंडक्टर जेवून हात धुऊन राह्यलते, म्हणजे आठ वाजून गेलते. मी डबा घेऊन चौकीत गेली. टेबलावर कोणी नव्हतं, म्हणून मागे गेली. मागच्या खोलीले बाहेरून कडी होती. खिडकीत तू होती. निळी ओढणी होती, अन् तिच्यावर जिनिंगचा कापूस तसाच चिकटून होता. तू गज धरले अन् म्हणली, मोठी माय. पहिल्यांदा म्हणली. सालभर तू रोज सकाळी गाडीतून उतरून माह्या खानावळीवरून जिनिंगमध्ये जायची, कधी मान वर केली नाही. दुपारी समोरच्या ओट्यावर बसून मायनं देल्लेला डबा खायची, तवा बी नाही. अन् तिथं एकदम मोठी माय. मग म्हणली, बाबाले सांग.

पाच वाजता तू सुटली नव्हती. हे आता कोणीबी विचारलं तरी सोतावर शंका घेऊ नको.

पुढचं लिहायचं आहे. बसंतीबाईले मी तांड्यावर धाडून देल्लं, घरात कोणी नको म्हणून.

गावात मले मागून पायरीवाली म्हणतात. तू ऐकलं असन. चौकीत कधी कोणती बाई आणली असली, तर मी डबा देऊन घरी येत नव्हती. बाहेरच्या पायरीवर बसायची. शिपायांनी विचारलं तर म्हणायची, डबे रिकामे व्हायची वाट पाहते. डबे रिकामे झाले तर म्हणायची, पाय दुखते, बसते जराशी. ते चिडायचे, हसायचे, एकानं एक वेळ अंगावर पाणी फेकलं. पण बाई बाहेर आल्याशिवाय मी उठत नव्हती. पायरीवर एक बाई बसून आहे म्हणलं का आतल्या माणसाचा हात जरा थांबते. तांड्यावरच्या लालीबाईले दारूच्या केसमध्ये आणलं होतं, तवा मी पहाटेपर्यंत बसली. सुटल्यावर ती माह्या गळ्यात पडली. चौकीचं नाव ऐकून जिनं थरथरायला पाहिजे, ती बाई तिथंच रोज डबा कायले नेते, असं लोकं विचारायचे. मी याच्यासाठी नेत होती. माह्यासाठी पायरीवर कोणी बसलं नव्हतं.

त्या दिवशी मी बसली नाही.

तुह्या खिडकीपासून मी मागे झाली. तुही हनुवटी त्याची आहे, श्रावणची. तू बाबाले सांग म्हणली, अन् माह्या मनात आलं, हिले हाक मारायले बाबा आहे. मी डबा टेबलावर ठेवला अन् पायरीवरून खाली उतरली अन् घरी आली. कणीक मळायले घेतली.

अन् मग तो आला. तुले हे त्यानं सांगतलं नसन, माह्याबद्दल तो कोणालेच बोलला नाही, याचा मले आणखी राग येते. तुले शोधत जिनिंगवरून आलता, घामानं भिजला होता. म्हणे, रुखमे, दिपीले पाह्यलं का? मी म्हणलं, चौकीत जाऊन विचारा. तो गेला, अन् पाच वाजता सोडलं म्हणतात म्हणून ऐकून परत आला. परत माह्या दारात उभा राह्यला. परत विचारलं. मी परातीवरून मान वर केली नाही. म्हणलं, मले काय माहीत. तो रस्त्यानं एक-एक झाडाखाली वाकून पाहत गेला. मी दारातून पाहत होती. मले वाटलं, फिरू दे. एक रात्र त्याले बी फिरू दे.

त्याले फिरवायच्या नादात मी तुले आत ठेवलं.

दोन वर्षं मी सोताले सांगत आली का मले वाटलं, दोन थापडा मारतील, आगीचं विचारतील, सकाळी सोडतील. खोटं आहे ते. तसं वाटत असतं तर लालीबाईसाठी मी पायरीवर कायले बसली असती? मले माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बसत होती, अन् त्या दिवशी माहीत असून उठली.

चौकशीवाल्या साहेबाले मी काही पाह्यलं नाही म्हणलं, ते बी भीतीनं नाही. गावाले वाटते, रुखमा पोलिसाले भ्यायली. मी कायले भिऊ, माहं काय राह्यलं आहे घ्यायचं? मी जळत होती. तुले पेपरात नाव लपवून भेटलं, वकीलबाई भेटली, कायदा भेटला, अन् माहा नवरा बाप म्हणून भेटला. मले वाटलं, एवढं सारं आहे हिच्यापाशी, माही साक्ष कायले पाहिजे.

हे सारं मी काल वकीलबाईले सांगतलं. आधी ती म्हणत होती, मावशी, पहिल्या जबाबात खोटं काहून बोलल्या असं ते विचारतील, भीतीनं बोलली म्हणा, कोर्ट समजून घेते. मी म्हणलं, भीती नव्हती. अन् मग सांगतलं. तिच्या डोळ्यात पाह्यलं तर मले वाटलं, आता उठून जाईन. मग म्हणे, तसंच सांगा. सवतीच्या लेकीवर जळणारी बाई तिच्यासाठी खोटी साक्ष देणार नाही, हे कोर्टाले बी कळते. म्हणजे माहं जळणंच तुह्या कामी येणार. मी त्याच्यासाठी जळत नव्हती, पण येऊ दे कामी.

तो वकील माही जुनी केस काढीन. ओरडली नव्हती ती हीच का, म्हणीन. काढू दे. या वेळेस मले हाताबद्दल विचारलं तर मी सांगीन, पऱ्हाटी गळ्याले ओरबाडत नाही. तवा सुचलं नव्हतं, एकोणीसची होती.

मी सुधारली, असं समजू नको. आज बी जळते. परवा तुहा बाप तुही पिशवी धरून उभा असन, अन् मले ते पाहवणार नाही. माफ कर असं बी मी लिहीत नाही, ते लिहिणं सोपं आहे. हे वाचून तुले वाटलं का या बाईची साक्ष नको, तर वकीलबाईले सांग, मी आल्या गाडीनं परत येईन. पण मले वाटते तू म्हणशीन, होऊ दे. तू चार ओळीत जेवढं लिहिलं त्यावरून वाटते.

आधी तुही राह्यलेली उलटतपासणी आहे, मग माही साक्ष. तुह्या वेळेस दार बंद करतात म्हणे, बाहेरचं कोणी आत राहत नाही. आत तू असशीन, अन् ते सारे, अन् तो. त्याच्या वकिलाचा आवाज गोड असन. तो किती गोड बोलला तरी घाबरू नको, जेवढं झालं तेवढं सांगजो.

मी पहिल्या गाडीनं निघते. कोर्टाच्या पायरीवर बसीन. शिपायानं उठवलं तर सरकून बसीन. जेवायची सुट्टी होईन, लोकं येतील-जातील, मी बसून राहीन. बाहेर आल्यावर तुले माह्याकडे पाहवलं नाही तर पाहू नको, बापाचा हात धरून सरळ निघून जाय. तू दिसली का मगच मी उठीन.

आत असशीन तवा एवढं ध्यानात ठेवजो, बाहेर पायरीवर आहे.

रुखमाबाई